आमच्या गल्लीची नागरिक समिती : एक चेंबर, एक नोंदवही

उंबरठा :

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात शेजारच्या कॉलनीतली चार-पाच माणसं घरी आली होती. त्यांच्याकडे नागरिक समिती सुरू करायची आहे, तर 'तुम्ही नेमकं काय करता, कसं करता' हे त्यांना विचारायचं होतं. दोन तास बोललो, दोनदा चहा झाला, तरी अर्धंच सांगून झालं. म्हणून इथे सविस्तर लिहितो. शहराचं आणि कार्यालयाचं नाव मुद्दाम देत नाही. तिथल्या काही लोकांनी आम्हाला मनापासून मदत केली आहे आणि त्यांना त्रास व्हावा असं वाटत नाही.

आमच्या रस्त्यावर एकोणीस सोसायट्या आहेत, थोडे बंगले आहेत आणि मागे नाल्याला लागून वस्ती आहे. रस्त्याच्या तोंडाशी, औषधाच्या दुकानासमोर, ड्रेनेजचं एक चेंबर. दर पावसाळ्यात ते तुंबायचं. झाकणाच्या कडेने काळं पाणी वर यायचं, उताराने शाळेच्या बसथांब्यापर्यंत जायचं. मुलांना विटांवरून पलीकडे न्यावं लागायचं. तक्रारी सगळेच करत होते, पण ज्याचा तो. कुणी अ‍ॅपवर, कुणी फोनवर, कुणी ओळखीतून. मग जेटिंग मशीन, म्हणजे पाण्याचा जोरदार मारा करून लाइन मोकळी करणारं मशीन, यायचं, अर्धा तास घरघर व्हायची, पाणी उतरायचं आणि अ‍ॅपवर 'तक्रारीचे निराकरण झाले' असा संदेश यायचा. आठ-दहा दिवसांत पुन्हा तेच.

२०१६ च्या जूनमध्ये आमच्या शेजारच्या बाईंनी, त्या निवृत्त मुख्याध्यापिका, दोनशे पानी लांब वही आणली आणि रकाने आखले : तारीख, तक्रार कुणी केली, कुणाकडे, तक्रार क्रमांक, उत्तर काय आलं, पुढे काय झालं. प्रत्येकाने तक्रार केली की बाईंकडे जाऊन लिहून यायचं, एवढंच ठरलं. समिती वगैरे शब्दही तेव्हा नव्हता.

वर्षभराने वही उघडली तेव्हा त्या एका चेंबरच्या तेवीस नोंदी होत्या आणि जेटिंग नऊ वेळा झालं होतं. ती पानं झेरॉक्स करून आम्ही सहाजण क्षेत्रीय कार्यालयात गेलो. नवीन आलेले जेई, म्हणजे कनिष्ठ अभियंता, तरुण होते. त्यांनी पानं चाळली आणि म्हणाले, "नऊ वेळा मारून परत तुंबतंय म्हणजे कचरा नाही अडकत, लाइनमध्येच काहीतरी आहे. पुढचं चेंबर उघडून बघू." तोवर पुढचं चेंबर उघडायचं आमच्यापैकी कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

शनिवारी सकाळी मुकादम आणि दोन कर्मचारी आले. पहारीने झाकण उचललं. आमच्या चेंबरात काठोकाठ पाणी आणि चाळीस पावलांवरच्या चेंबरात तळाशी जेमतेम ओल. मधला रस्ता खणल्यावर दिसलं की आमच्याकडून येणारा नऊ इंची पाइप पुढे जुन्या सहा इंचीला जोडलेला आहे आणि जोडाभोवती सिमेंटचा नुसता गोळा थापला आहे. त्या गोळ्याच्या आतल्या कडेला चिंध्या, केस, प्लास्टिक अडकून गच्च बूच झालं होतं. मशीन दर वेळी त्या बुचाला भोक पाडायचं, आणि ते पुन्हा बुजायचं.

मग माहिती अधिकारात तो पाइप टाकल्याच्या कामाची फाइल पाहिली. इस्टिमेट, वर्कऑर्डर, मोजमाप पुस्तिका म्हणजे एमबी. एमबीत संपूर्ण लांबी नऊ इंची लिहिलेली होती. ते पान बघताना बाईंचा हात थरथरत होता. भांडण करायचं की पाइप बदलून घ्यायचा, यावर आमच्यात दोन बैठका खडाजंगी झाली. शेवटी आधी पाइप, असं ठरलं. एमबीच्या त्या पानाची प्रत जोडून पत्र दिलं आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये, पावसाळ्यापूर्वी रस्तेखोदाई बंद व्हायच्या आत, तेवढा तुकडा बदलला गेला. त्यानंतर ते चेंबर एकदाही वर आलेलं नाही.

यातून जी सवय लागली तीच आमची समिती. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी बैठक, एका सोसायटीच्या पार्किंगमध्ये. एक तास, एका बैठकीत तीनच विषय. प्रत्येक कामाला एक माणूस : पाणी, ड्रेनेज, दिवे, झाडं, कचरा. वर्गणी वर्षाला घरटी ३०० रुपये, पावती दिलीच पाहिजे. व्हॉट्सअ‍ॅप गटावर फक्त फोटो आणि तक्रार क्रमांक. पत्र दिलं की दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकाचा शिक्का घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही. शिक्का नसलेलं पत्र आम्ही वहीत चढवतच नाही.

माझं ठाम मत असं की समितीचं खरं भांडवल ही वही आहे. दर तीन वर्षांनी अधिकारी बदलतो, नगरसेवक बदलतो, आमच्यातली माणसंही घर विकून जातात. चेंबरची हकिगत मात्र वहीत राहते. नवीन आलेल्या साहेबाला आम्ही पहिल्या भेटीत निवेदन देत नाही, वही दाखवतो.

विचारा काय विचारायचं ते.

---

रानजाई :

उंबरठा, फार मनापासून लिहिलंय. नऊ इंची आणि सहा इंचीचं वाचून अंगावर काटा आला. आमच्याकडे रस्त्यावरचे दिवे, मोकाट कुत्री, कचऱ्याचा ढीग, सगळंच आहे आणि आम्ही आत्ता जेमतेम सातजण आहोत. पहिला प्रश्न : समितीची नोंदणी करावी का? एक काका म्हणतात नोंदणी नसेल तर कुणी विचारत नाही.

---

उंबरठा :

रानजाई, नोंदणी करायची तर संस्था नोंदणी अधिनियम १८६० खाली होते, किमान सात सभासद लागतात, आणि आपल्या राज्यात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम १९५० खालीही, म्हणजे धर्मादाय कार्यालयात. त्यानंतर दर वर्षी हिशेब तपासून घेणं, बदल अर्ज भरणं हे मागे लागतं. आम्ही पहिली चार वर्षं नोंदणी केली नव्हती आणि त्यामुळे एकही काम अडलं नाही. तक्रार करायला, माहिती अधिकारात अर्ज करायला नागरिक असणं पुरेसं आहे. बाग दत्तक घ्यायची वेळ आली, करारावर सही कुणाची आणि बँकेत खातं कुणाच्या नावावर असा प्रश्न आला, तेव्हा नोंदणी केली. तुम्ही आधी वही घ्या.

---

एन_वॉर्ड :

मी घाटकोपरची. मुंबईत याला 'एएलएम' म्हणतात, अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या घाटकोपरच्या जोशी लेनमधून हे सुरू झालं आणि मग महापालिकेनेच ते उचलून धरलं. मूळ गाभा कचऱ्याचा होता : ओला-सुका घरातच वेगळा करायचा, ओल्याचं गल्लीतच खत करायचं, आणि त्या बदल्यात वॉर्ड ऑफिसने त्या गल्लीची बाकीची कामं लक्ष घालून करायची. म्हणजे नागरिक आधी स्वतः काही करून दाखवतात आणि मग मागतात, असा व्यवहार होता. एएलएमची वॉर्डात नोंद होते आणि त्यांच्यासाठी वॉर्ड ऑफिसात एक अधिकारी नेमलेला असतो.

पुढे अनेक एएलएम थंडावल्या, हे सांगणंही माझं काम आहे. आमच्याच लेनमागची बंद पडली कारण सगळा भार एका जोडप्यावर होता. ते मुलाकडे राहायला गेले आणि खताचे खड्डे महिनाभरात बुजले. वॉर्ड ऑफिसला कोणता कागद दिला होता, तेही कुणाला ठाऊक नव्हतं. म्हणून उंबरठा यांची वही मला फार पटली.

---

पंचगंगाकाठ :

आमच्या कोल्हापुरात हे काम तालमी करत आल्यात. नाव तालीम, पण कुस्तीबरोबर गणपती, शिवजयंती, फुटबॉलचा संघ, कुणाच्या घरी मयत झाली तर तिरडीपासून सगळं. नळाला पाणी आलं नाही तर बायका पहिल्यांदा तालमीच्या कट्ट्यावर येऊन सांगतात. २०१९ आणि २०२१ च्या पुरात बोट, जेवण, जनावरं हलवणं हे आमच्या पेठेत तालमीच्या पोरांनी केलं, सरकारी माणूस यायच्या आधी.

पण लेखी काही नसतं आमच्याकडं. सगळं तोंडी. २०१९ ला कुठल्या गल्लीत किती फूट पाणी आलं हे भिंतीवर खडूनं लिहिलं होतं, पुढं रंग दिला आणि गेलं. २०२१ ला परत अंदाजच. आता ऑइल पेंटनं खुणा केल्यात तालमीच्या खांबावर, तारीख घालून. तुमची वही बघून वाटतंय वहीतपण उतरवून ठेवायला पाहिजे.

---

उंबरठा :

पंचगंगाकाठ, ती खांबावरची खूण फार मोलाची आहे. फोटो काढून ठेवा, शेजारी फूटपट्टी धरून. पूररेषेवर कधी हरकत घ्यायची वेळ आली तर तोच तुमचा कागद.

---

अबोली :

थोडं वेगळं लिहिते, राग मानू नका. मी नाल्याकडेच्या वस्तीत वाढले, आई अजून तिथेच असते. आमच्या समोरच्या कॉलनीतही अशीच समिती होती. त्यांची पत्रं आमच्याबद्दलच असायची : वस्तीमुळे डास, वस्तीमुळे चोऱ्या, भाजीच्या गाड्या हटवा, सार्वजनिक नळ आत घ्या. एकदाही कुणी नाला ओलांडून आमच्याकडे आलं नाही. कार्यालयात मात्र 'नागरिकांचं म्हणणं' म्हणून त्यांचंच पत्र लागायचं. आम्हीही नागरिक होतो.

फेरीवाल्यांबाबत २०१४ पासून केंद्राचा कायदा आहे. शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी फेरीवाल्यांचे असावे लागतात आणि सर्वेक्षण झाल्याशिवाय कुणाला उठवता येत नाही. समित्यांनी पत्र लिहिण्याआधी एवढं तरी वाचावं. कचऱ्याचंही तसंच. पुण्यात 'स्वच्छ' ही कचरावेचकांची स्वतःची सहकारी संस्था आहे, २००८ पासून महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करते. ज्या बाईला तुम्ही रोज कचरा देता ती तुमच्या बैठकीत कधी बसली आहे का?

उंबरठा, तुमच्या मागच्या वस्तीतलं कोण आहे समितीत?

---

उंबरठा :

अबोली, राग कसला. हा प्रश्न यायलाच हवा होता, आणि पहिल्या पोस्टमध्ये मीच हे लिहायला हवं होतं.

२०१९ मध्ये आम्हीही भाजीच्या गाड्यांविरुद्ध पत्र दिलं. मसुदा माझा होता. आठवड्याने भाजीवाल्या मावशी बैठकीला आल्या, हातात आमच्याच पत्राची प्रत, कार्यालयातून कुणीतरी दिलेली. त्या भांडल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "दादा, पंधरा वर्षं तुमच्या दारात भाजी देते. गाडी कुठं लावू ते सांगा, तिथं लावते." पार्किंगमध्ये तीसेक माणसं होती, कुणाला बोलता येईना. दुसऱ्या दिवशी पत्र मागे घेतलं. गाड्या आता दवाखान्याच्या भिंतीलगत रांगेत लागतात, आम्ही आणि त्यांनी मिळून पट्टा आखला.

त्याच दिवशी मावशींकडून दुसरी गोष्ट कळली, आणि ती मला अजून बोचते. वस्तीतल्या सार्वजनिक शौचालयाची लाइन त्याच नऊ इंचीला येऊन मिळते. आमच्या चेंबरला पाणी वर यायचं तेव्हा तिकडे शौचालयाची भांडी उलटी भरायची. आमच्याकडे रस्त्यावर, त्यांच्याकडे पायाखाली, आणि आमच्या कितीतरी आधीपासून. वहीत तेवीस नोंदी होत्या, त्यात वस्तीतली एकही नव्हती. कारण वही आमच्या जिन्यापलीकडे कधी गेलीच नव्हती. ती गेली असती तर पाइप कुठे अडकलाय हे वर्षभर आधी कळलं असतं.

आता मावशी आणि वस्तीतल्या आणखी दोघीजणी समितीत आहेत. त्यांच्यामुळे बैठकीची वेळ बदलली. रविवारी सकाळी दहाला त्या कामावर असतात, म्हणून आता संध्याकाळी सात. वही महिन्यातले पंधरा दिवस वस्तीतल्या बालवाडीत असते. ज्यांना लिहायला जमत नाही त्यांचं बालवाडीच्या ताई लिहून घेतात.

---

अबोली :

वाचलं. आईला फोनवर वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या मावशींना नमस्कार सांग.

---

कार्यकारी :

मी एका महापालिकेच्या रस्ते विभागातून निवृत्त झालो, छत्तीस वर्षं नोकरी. टेबलाच्या पलीकडून दोन-चार गोष्टी सांगतो.

'आमच्या परिसरात दिव्यांची गैरसोय आहे, योग्य ती कार्यवाही व्हावी' असं पत्र आलं की जेईला काहीच करता येत नाही. तो ते पत्र 'पाहणी केली' असा शेरा मारून फाइलला लावतो. त्याऐवजी लिहा : अमुक क्रमांकाच्या खांबावरचा दिवा अमुक तारखेपासून बंद. प्रत्येक खांबावर नंबर रंगवलेला असतो. रस्ता असेल तर दोन खांबांमधलं अंतर लिहा. पत्रातच मोजमाप असलं की इस्टिमेट करायला बसता येतं.

दुसरी गोष्ट पैशाची. लोक मे महिन्यात येतात आणि म्हणतात रस्ता करा. मे महिन्यात हातात काही नसतं. आयुक्तांचं अंदाजपत्रक जानेवारी-फेब्रुवारीत स्थायी समितीपुढे जातं, म्हणजे खालून मागण्या त्याआधी दोन-तीन महिने गोळा होतात. दिवाळीच्या आसपास पत्र आलं तर ते यादीत बसतं. पुण्यात तर २००६ पासून नागरिकांच्या सहभागाचं अंदाजपत्रक आहे. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून ५ लाखांपर्यंतची छोटी कामं सुचवता येतात : पदपथ, बाकडी, दिवे, बसथांबा. ठराविक मुदतीतच अर्ज घेतात, म्हणून समितीतल्या एकाने तेवढी तारीख सांभाळायची.

तिसरं, डीएलपी. रस्ता झाल्यावर काही वर्षं तो दुरुस्त करायची जबाबदारी ठेकेदाराचीच असते, त्याला दोष दायित्व कालावधी म्हणतात. तुमच्या रस्त्याचा तो कधी संपतो हे वर्कऑर्डरवर लिहिलेलं असतं. तो संपायच्या सहा महिने आधी खड्ड्यांची यादी फोटोंसकट द्या. नंतर दिली तर तोच खड्डा जनतेच्या पैशातून बुजवावा लागतो.

आणि चांगलं काम झालं तर तेही लेखी कळवा. मला माझ्या नोकरीत अशी तीन पत्रं आली. तिन्ही अजून माझ्या कपाटात आहेत.

---

सातभाई :

कार्यकारी साहेब, हे सोन्यासारखं आहे. माझा प्रश्न नगरसेवकाबद्दल. समिती मजबूत झाली की त्यांना ती विरोधकांची वाटते. आमच्याकडे एका इच्छुकाने समितीच्या फलकावर स्वतःचा फोटो लावला आणि सहा महिन्यांत समितीची दोन शकलं झाली.

---

उंबरठा :

सातभाई, आमच्याकडेही तो प्रसंग येऊन गेला. आम्ही लेखी नियम केला : पदाधिकारी असताना निवडणूक लढवायची असेल तर आधी राजीनामा, आणि समितीच्या फलकावर कुणाचाही फोटो नाही. फलकावर फक्त तक्रार क्रमांक आणि तारखा. नगरसेवक बैठकीला आले तर त्यांना पहिली दहा मिनिटं ऐकायचं, मग बोलायचं.

पण नगरसेवकाला टाळूनही चालत नाही. मार्च २०२२ मध्ये मुंबई-पुण्यासकट अनेक महापालिकांची मुदत संपली आणि प्रशासक आले, तेव्हा आम्हाला ते जाणवलं. स्थायी समिती नाही, प्रभाग समिती नाही, प्रश्न विचारायला सभागृह नाही. कामं होत होती, पण कोणती आणि का, हे विचारायला दार नव्हतं. त्या काळात आम्ही लोकशाही दिनाला, म्हणजे अधिकारी नागरिकांच्या तक्रारी समोरासमोर ऐकतात त्या दिवशी, जायचो, महिन्याच्या पहिल्या सोमवारी, टोकन घेऊन. वही घेऊनच.

कायद्यात आपल्यासाठी जागा ठेवलेली आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं. ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर महापालिका अधिनियमात प्रभाग समित्या आल्या. त्यात स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत सदस्य नामनिर्देशित करता येतात. शिवाय क्षेत्रसभेचीही तरतूद आहे, गावच्या ग्रामसभेसारखी, मतदारांची. मी तरी आमच्या प्रभागात क्षेत्रसभा झालेली पाहिलेली नाही. गेली दोन वर्षं दर वर्षी तिची मागणी करणारं पत्र देतो आहोत. दोन्ही पत्रांवर शिक्का आहे.

---

रानजाई :

मंडळी, काल आमची पहिली बैठक झाली. अकराजण आले, त्यात समोरच्या चाळीतल्या चौघी. अबोली, तुमची पोस्ट वाचून मुद्दाम चाळीत जाऊन आमंत्रण दिलं होतं. मला वाटलं होतं सगळे कचऱ्यावर बोलतील. चाळीतल्या एक ताई म्हणाल्या, रात्री दहाला कामावरून येताना मैदानाच्या कडेचे दिवे बंद असतात आणि तेवढ्या टप्प्यात त्या पळत येतात. आमच्यापैकी कुणी त्या वेळी त्या रस्त्याने जातच नाही, त्यामुळे कुणाला माहीतही नव्हतं. तोच विषय घेतला, बाकीचे पुढच्या महिन्यात.

एक अडचण आहे. तिथल्या खांबांवरचे नंबर पुसले गेलेत. पत्रात काय लिहू?

---

कार्यकारी :

फीडर पिलर शोधा, म्हणजे त्या रांगेची लोखंडी पेटी, बहुतेक चौकाजवळ असते. तिच्यावरचा नंबर लिहा आणि तिथून खांब मोजत जा : पेटीपासून तिसरा, चौथा, पाचवा खांब. कागदावर साधा नकाशा काढून जोडा. सलग सगळे बंद असतील तर बल्ब गेलेला नाही, केबल तुटलेली असण्याची शक्यता जास्त. तसं लिहिलंत तर शिडीवाला माणूस न पाठवता केबलवाल्यांना पाठवतील. रात्री जाऊन बघा, मधला एखादा तरी लागतो का.

---

रानजाई :

आत्ताच तिघी जाऊन आलो. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत सलग बंद, नववा चालू. वहीत पहिली नोंद केली.